डोळ्यांतील भिंग आणि डोळ्यांची निगा

डोळ्यांना कमी दिसू लागले की चष्मा लावावा, एवढे ज्ञान आमच्या वाडवडिलांना पुरत असे. आता काळ पालटला आहे. शहरात कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा इस्पितळात परिचारिकेचा अभ्यास करणारी मुलगी सुटीत घरी येते ती चष्म्यावाचून. रात्री आरशासमोर बसून ती बोटाने डोळ्यांतून एक पारदर्शक चकती काढते, आणि ते पाहून घरच्या आजीच्या काळजात धस्स होते. ह्या चकतीला कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात. पुस्तकी मराठीत तिला स्पर्शभिंग असे नाव आहे. बुबुळाला स्पर्श करून बसणारे भिंग, म्हणून स्पर्शभिंग.

आजीबाईंना आम्ही प्रथम धीर देतो. लेन्स ही काही वाईट वस्तू नाही. नीट वापरणारी माणसे ती वर्षानुवर्षे सुखाने वापरतात. मात्र चष्मा आणि लेन्स ह्यांत एक मोठा भेद आहे. चष्मा नाकावर बसतो, तर लेन्स डोळ्याच्या जिवंत भागावर बसते. चष्म्याची हयगय केली तर काच फुटेल. लेन्सची हयगय केली तर डोळा गमावण्याची पाळी येईल. आणि नवल असे की, लेन्सचे जे दोन मोठे वैरी आहेत त्यांना आपण एरव्ही कधी वैरी मानीतच नाही. एक आहे पाणी आणि दुसरी झोप. हे असे का, ते घरातील लहानथोरांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

डोळ्याची खिडकी

डोळ्याच्या अगदी पुढच्या बाजूस, बुबुळाच्या रंगीत भागावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. शास्त्रीय भाषेत त्याला स्वच्छमंडल म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाश आत येतो तो ह्याच खिडकीतून. खिडकी स्वच्छ राहावी म्हणून निसर्गाने तिच्यात एकही रक्तवाहिनी ठेवलेली नाही. शरीराच्या इतर भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो; स्वच्छमंडलाला तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. थोडक्यात, हा पडदा जणू स्वतःच श्वास घेतो. रात्री पापण्या मिटल्या की तो पापणीच्या आतील बाजूच्या रक्तवाहिन्यांवर कशीबशी गुजराण करतो, आणि सकाळी डोळे उघडले की पुन्हा मोकळा श्वास घेतो.

ह्या पडद्यावर लेन्स ठेवली म्हणजे खिडकीला दार लावल्यासारखे होते. दार जाळीचे असेल तर वारा येतो. घट्ट फळीचे असेल तर कोंडमारा होतो. लेन्सचा सारा इतिहास म्हणजे ही फळी काढून तिथे जाळी बसविण्याचा इतिहास आहे.

काचेपासून मऊ चकतीपर्यंत

डोळ्यावर बसविण्याचे काचेचे भिंग उपयोगात आणून त्याचे वर्णन १८८८ साली प्रसिद्ध केले ते झुरिकच्या आडोल्फ ऑयगेन फिक ह्या डॉक्टरांनी. त्यांनी ते आधी सशांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर आणि नंतर रोग्यांवर वापरून पाहिले. बुबुळच नव्हे तर डोळ्याचा पांढरा भागही झाकणारे ते जड भिंग दोन तासांपलीकडे सहन होत नसे. पुढे काचेऐवजी प्लॅस्टिक आले, आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या केव्हिन टुओही ह्यांनी फक्त स्वच्छमंडलावर बसणारी लहान प्लॅस्टिकची लेन्स केली. ती हलकी होती; पण कडक होती, आणि तिच्यातून हवा जात नसे.

मऊ लेन्सचा जन्म मात्र एका घरातल्या टेबलावर झाला. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले ह्यांनी पाणी शोषून मऊ होणारा एक पदार्थ आपल्या सहकाऱ्यासह शोधून काढला होता. परंतु त्यापासून चांगली लेन्स घडविण्याच्या कामाला सरकारी पाठिंबा मिळेनासा झाला. तेव्हा १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्यांचा संच घेतला, त्याला सायकलच्या दिव्याचा डायनामो जोडला आणि एक गरगर फिरणारे यंत्र घरीच तयार केले. फिरत्या साच्यात त्या पदार्थाचे थेंब सोडले की ते पसरून आपोआप भिंगाचा आकार घेत. त्या दिवशी त्यांच्या हातून चार लेन्स तयार झाल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेत मऊ लेन्स विकण्यास परवानगी मिळाली आणि तेथून ती जगभर गेली. १९९९ च्या सुमारास सिलिकॉनमिश्रित मऊ लेन्स आल्या. त्यांतून प्राणवायू पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जातो. आज मिळणाऱ्या पुष्कळशा लेन्स ह्याच जातीच्या आहेत. फळीची जाळी झाली ती अशी. तरीसुद्धा जाळी म्हणजे उघडी खिडकी नव्हे, हे विसरता कामा नये.

लेन्स कोणी घ्यावी

हौसेखातर लेन्स घेणारे पुष्कळ आहेत, पण काहींना ती खरोखरीच गरजेची असते. काही तरुण मुलामुलींचे स्वच्छमंडल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. अशांना कितीही नंबर बदलले तरी चष्म्याने स्पष्ट दिसत नाही. हवा जाऊ देणारी कडक लेन्स घातली की फळ्यावरची अक्षरे नीट दिसू लागतात. जे मूल सारखे डोळे चोळते आणि ज्याचा नंबर वरचेवर बदलतो, त्याला म्हणूनच नेत्रवैद्याकडे न्यावे. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर असेल तरीही लेन्सचा चांगला उपयोग होतो.

याउलट, ज्यांचे डोळे नेहमी कोरडे पडतात किंवा वरचेवर सुजतात, ज्यांना धुळीत काम करावे लागते आणि ज्यांना स्वच्छतेचा कंटाळा आहे, त्यांनी चष्माच बरा मानावा. चष्मा लावण्यात कसलाही कमीपणा नाही. सोयरीक जुळविण्याच्या वेळी मुलीचा चष्मा लपविण्यासाठी तिला घाईघाईने लेन्स घ्यावयास लावणारी घरे आहेत. अशी मुलगी डोळा दुखू लागला तरी कोणाजवळ बोलत नाही, कारण मुळात लेन्सच लपविलेली असते. नंबर लपविण्यापायी दृष्टी पणाला लावावी, असा हा सौदा आहे. पाहुण्यांना खरे सांगावे; चष्म्याने मोडणारी सोयरीक मोडलेलीच बरी.

लेन्स कोणतीही असो, ती डोळा तपासून, मापे घेऊन, घालण्याकाढण्याची रीत शिकूनच घ्यावी. चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर पुष्कळदा एक नसतो, आणि डोळ्याची गोलाईही माणसागणिक वेगळी असते. लग्नासाठी किंवा नाटकासाठी बाजारातून आणलेल्या रंगीत लेन्सही ह्या नियमाला अपवाद नाहीत. आणि एकाची लेन्स दुसऱ्याने, मग ती सख्खी बहीण का असेना, कधीही घालू नये.

पाणी का नको

आता पहिल्या वैऱ्याकडे वळू. नळाचे, विहिरीचे, तळ्याचे किंवा समुद्राचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यात सूक्ष्म जीव असतात. त्यांपैकी अकँथअमीबा नावाचा एक जीव पाण्यात सर्वत्र आढळतो. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर तो सहसा काही करीत नाही; परंतु लेन्सच्या आधाराने स्वच्छमंडलावर टिकून राहिला तर तो त्यात शिरतो. त्या दुखण्याच्या वेदना असह्य असतात आणि उपचार कित्येक महिने चालतात. हा जीव स्वतःभोवती असे कवच तयार करतो की पाण्यातील क्लोरिनलाही तो दाद देत नाही. शिवाय मऊ लेन्स साधे पाणी शोषून फुगते आणि डोळ्याला चिकटून बसते.

म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने कधीही धुऊ नये. उकळलेले पाणी, घरी केलेले मिठाचे पाणी आणि तोंडातील थुंकी ह्यांचा तर विचारही करू नये. लेन्ससाठी जे जंतुनाशक द्रावण मिळते तेच वापरावे. दुकानात मिळणारे खारे निर्जंतुक पाणी, ज्याला सलाईन म्हणतात, ते धुण्यापुरते ठीक. त्याने जंतू मरत नाहीत. स्नानापूर्वी लेन्स काढावी. नदीत, विहिरीत किंवा समुद्रात पोहताना ती डोळ्यांत नसावी. गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ह्याला अपवाद एकच. शेतात फवारणीचे औषध, चुना किंवा तेजाब डोळ्यांत उडाले तर क्षणाचाही विलंब न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे. लेन्स सहज निघाली तर काढावी, पण तिच्यासाठी धुणे थांबवू नये. मग लगेच इस्पितळ गाठावे. त्या वेळी पाणी हाच तारणहार.

झोप का नको

दुसरा वैरी झोप. पापणी मिटल्यावर स्वच्छमंडलाला प्राणवायू आधीच कमी मिळतो, हे आपण वर पाहिले. त्यात मध्ये लेन्स आली म्हणजे कोंडमारा वाढतो, पडद्याला सूज येते आणि त्याचा वरचा थर कमजोर होतो. जागेपणी पापण्यांच्या उघडझापीने अश्रू सारखे वाहत असतात व जंतू धुऊन नेतात. झोपेत तेही थांबते. साहजिकच लेन्स घालून झोपणाऱ्यास जंतुसंसर्ग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. काही लेन्स रात्रभर ठेवण्यास योग्य म्हणून विकल्या जातात. त्यांतही हा धोका पुरता जात नाही, म्हणून नेत्रवैद्याने स्पष्ट सांगितल्याखेरीज तसे करू नये.

दुपारची वामकुक्षी आणि बसमधील डुलकीही ह्यातच मोडते. रात्रीच्या गाडीने पुण्याहून बेळगावला किंवा हैदराबादेहून घरी निघालेल्या मुलाने गाडीत चढण्यापूर्वीच लेन्स काढून चष्मा लावावा. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ योग्य नंबरचा चष्मा असलाच पाहिजे. तो नसला की डोळा दुखत असतानाही लेन्स घालण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो.

रोजची रीत

लेन्स सुखाने वापरता येणे हे पुष्कळसे रोजच्या रीतीवर अवलंबून आहे. ती रीत अशी :

साध्या साबणाने हात धुवावेत व धागे न सुटणाऱ्या स्वच्छ पंचाने पूर्ण कोरडे करावेत. ओल्या बोटांनी लेन्सला हात लावणे म्हणजे पाणीच डोळ्यांत घालणे होय. डोक्याला तेल लावण्यापूर्वी, मिरच्या चिरण्यापूर्वी आणि काजळ-पावडर करण्यापूर्वी लेन्स घालावी. काढताना आधी लेन्स काढावी आणि मग चेहरा धुवावा.

नेहमी उजव्या डोळ्याच्या लेन्सपासून आरंभ करावा, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून पाहावी. सरळ असेल तर ती खोलगट वाटीसारखी दिसते. उलटी असेल तर कडा बशीसारख्या बाहेर फाकतात. हलकेच चिमटीत धरल्यावर कडा करंजीसारख्या आत मिटल्या तर ती सरळ आहे असे समजावे. फाटलेली किंवा कड दुमडलेली लेन्स टाकून द्यावी.

काढल्यावर लेन्स तळहातावर ठेवून द्रावणाचे थेंब घालून बोटाने हळुवार चोळावी, पुन्हा द्रावणाने धुवावी आणि ताज्या द्रावणाने भरलेल्या डबीत ठेवावी. कालच्या द्रावणात आजची भर घालू नये. शिळ्या भाजीला नवी फोडणी दिल्याने ती ताजी होत नाही. सकाळी डबी रिकामी करून द्रावणानेच विसळावी, स्वच्छ कागदी रुमालाने पुसावी आणि उपडी घालून वाळू द्यावी. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि कंपनीने सांगितलेली मुदत संपताच उरलेले द्रावण ओतून द्यावे.

लेन्सची मुदतही अशीच पाळावी. काही लेन्स एका दिवसाच्या, काही पंधरवड्याच्या, काही महिन्याच्या असतात. महिन्याची लेन्स तीन महिने चालविणारी काटकसरी माणसे आम्हांला ठाऊक आहेत. काटकसर हा गुण खरा, पण ती येथे करू नये. खर्च झेपत नसेल तर घरीदारी चष्मा वापरावा आणि लग्नकार्याला किंवा फेस्ताच्या दिवशी एक दिवसाची लेन्स घालून रात्री टाकून द्यावी. त्यात डबीही नको आणि द्रावणही नको.

नवशिक्याला एक भीती नेहमी असते, की लेन्स सरकून डोळ्याच्या मागे गेली तर? ती जाऊ शकत नाही. डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणी ह्यांना जोडणारी त्वचा तेथे वाट अडवून असते. लेन्स पापणीखाली दडली तर नेत्रवैद्याने सांगितलेले ओलाव्याचे थेंब घालून, डोळा मिटून थोडा वेळ थांबावे. ती आपोआप पुढे येते.

आराम कशात आहे

सायंकाळी लेन्स टोचू लागते अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तिचे मूळ बहुधा कोरडेपणात असते. आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये डोळे घातले की हे प्रमाण निम्म्यावर येते आणि अश्रूंचा थर सुकतो. यासाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद दूर, निदान २० फुटांपलीकडे पाहावे आणि पापण्या चार वेळा पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा वारा थेट तोंडावर घेऊ नये. मोटारसायकलवर गॉगल लावावा. चुलीच्या धुरात लेन्स नकोच.

शेतकरी घरांना एक इशारा वेगळा द्यावासा वाटतो. भाताची कापणी-मळणी, उसाची तोडणी, नारळ सोलणे ह्या कामांत डोळ्यांत तूस जाते किंवा पाते लागते. उसाच्या पात्याचा चरा दिसावयास क्षुल्लक असतो. पण पालापाचोळ्यावरील बुरशी त्या चऱ्यातून आत शिरते आणि आपल्या देशात बुबुळाच्या जखमा चिघळण्याचे ते एक मोठे कारण आहे. अशा कामाच्या दिवशी लेन्स घरी ठेवावी आणि संरक्षक चष्मा लावावा. हा उपदेश लेन्स न वापरणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

डोळा लाल झाला तर

आता सर्वांत महत्त्वाचे. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, पाणी येऊ लागले, धूसर दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स तत्काळ काढावी आणि त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. "उद्या बघू" हे शब्द येथे घातक ठरतात. काही जंतू एक-दोन दिवसांतच बुबुळाची नासाडी करतात. काढलेली लेन्स आणि डबी टाकू नये, बरोबर न्यावी. तपासणीत जंतूचा माग लागण्यास तिचा उपयोग होतो. डोळ्याला पट्टी बांधू नये.

आणि औषधाच्या दुकानातून कोणतेही थेंब आणून घालू नयेत. त्यांतील काहींत स्टेरॉईड असते. त्याने लाली चटकन उतरते, घरचे निश्चिंत होतात, आणि आत बुरशी मात्र फोफावत राहते. मध, आईचे दूध, गुलाबपाणी, जिभेने कण काढणे हे उपायही जंतूंना आमंत्रण देणारे आहेत. पावसाळ्यात गावात डोळ्यांची साथ आली आणि आपलेही डोळे आले, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत लेन्स बंद ठेवावी. त्या वेळची लेन्स व डबी पुन्हा वापरू नये.

उशीर झाला म्हणजे काय होते? जखम भरते, पण व्रण राहतो. ज्याला आपण डोळ्यांत फूल पडणे म्हणतो ते हेच. फूल मधोमध पडले तर चष्मा कितीही भारी घेतला तरी उपयोग होत नाही. मग उपाय उरतो तो दुसऱ्याचे स्वच्छमंडल बसविण्याचा. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०५ मध्ये ओलोमोउत्स येथे एडुआर्ड त्सिर्म ह्यांनी केली. आज आपल्याकडेही ती होते; हैदराबादची १९८७ मध्ये स्थापन झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था त्या कामासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्यासाठी कोणीतरी मरणोत्तर नेत्रदान केलेले असावे लागते. एका रात्रीच्या आळसाची भरपाई परक्या माणसाच्या दानाने करण्याची वेळ कोणावरही न येवो.

आईवडिलांस दोन शब्द

मुलाने लेन्स मागितली तर एकदम नको म्हणू नये आणि एकदम होही म्हणू नये. तो आपली पुस्तके जागेवर ठेवतो का, न सांगता हात धुतो का, हे पाहावे. ज्याला ह्या गोष्टी जमतात त्याला लेन्सही जमेल. मग वय सोळा असो की सव्वीस. लेन्स घेतल्यावर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत, त्रास नसला तरीही. रात्री दिवा मालविण्यापूर्वी "लेन्स काढलीस ना?" असे विचारण्याचे काम घरातील एकाने आपल्याकडे घ्यावे. आजीबाईंना हे काम शोभेल. आणि डोळा दुखतो असे मुलाने सांगितले तर "घालायची हौस तुझीच" असे न बोलता त्याला घेऊन पहिल्या गाडीने निघावे. बोलणी खावी लागतील ह्या भयाने मूल गप्प राहिले, तर जो एक दिवस हाताशी असतो तोच निघून जातो.